एसीतली भाजी

आमचे घरमालक कुणालाही पान खायला देत, तेव्हा ते घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलत नसत. पान विड्याचं नव्हे, लेट्यूसचं. हिरवं, कडेला चुणीदार, पाण्याने गच्च. खाणाऱ्याने गिळलं की ते विचारत, "कसं लागलं?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगत, "मातीचा वास नाही. ध्यानात आलं?"

मातीचा वास नसायचा हे खरंच होतं. तसा दुसराही कुठला वास नसायचा. पण मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते आणि माडीचा जिना त्यांच्याच पडवीत उतरायचा, त्यामुळे आठवड्याला दोन-चार पानं माझ्या वाट्याला यायचीच. मी म्हणायची, "छान आहे, काका." ते मान डोलावत आणि म्हणत, "घरचं आहे."

मी मूळची तेलंगणातल्या बोथची. आदिलाबादच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा मावला वस्तीच्या बाजूला त्यांच्या घरी मला वरच्या दोन खोल्या मिळाल्या. काका महसूल खात्यातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले. सगळा जन्म लोकांच्या जमिनींचे कागद बघण्यात गेलेला. कुठल्या गावात कुणाचं किती वावर, त्यात विहीर आहे की नाही, हे जेवताना विचारलं तरी त्यांना सांगता यायचं. पण त्यांच्या स्वतःच्या हातून कधी कोथिंबीरही उगवली नव्हती. हे मला काकूंनीच सांगितलं. "तुळस सुदीक माह्याच हातची," त्या म्हणाल्या. "ह्यायनं पानी घातलं का ते मरते."

निवृत्तीनंतर ते हैदराबादला मुलाकडे राहून आले. तिथे कुणाच्या तरी बाल्कनीत पांढऱ्या पाइपांच्या भोकांतून हिरवीगार भाजी वर आलेली त्यांनी पाहिली. माती नाही, निंदण नाही, नुसतं पाणी. परत आले ते पाइपांचं सामान ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालूनच. आमच्याकडच्या उन्हात गच्चीवर काही टिकलं नसतं, म्हणून मागची झोपायची खोली रिकामी झाली आणि काकूंचं कपाट बैठकीत आलं. खोलीत लोखंडी घोडी उभी राहिली. तिच्यावर कमरेपासून छातीपर्यंत पाइपांच्या ओळी, खाली टाकी, टाकीत सतत पाणी फिरवणारी बारकी मोटर आणि वर जांभळट दिवे. संध्याकाळी तो उजेड खिडकीतून गल्लीत पडायचा. समोरच्या बाईंनी काकूंना विचारलं, "फोटो स्टुडिओ काढला का?"

"एकदा लावलं की झालं," काका सांगत. "हा एकदाचा खर्च आहे."

पहिल्या महिन्यात पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीवर पांढरा थर धरणारं. म्हणून पाणी गाळायचं मोठं मशीन आलं. ते जेवढं पाणी द्यायचं त्याहून जास्त सांडून टाकायचं. सांडलेलं काकू धुण्याला धरून ठेवत. हा एकदाचा खर्च. मग कळलं की नुसत्या पाण्यावर भाजी जगत नाही, तिला खाऊ लागतो. तो दोन बाटल्यांत येतो, हैदराबादहून कुरिअरने येतो आणि संपतो. पाण्याचा आंबटपणा मोजायला पेनासारखं यंत्र आलं. ते यंत्र खरं बोलतं की नाही हे तपासायला वेगळं पाणी आलं, आणि त्या पाण्यालाही औषधासारखी मुदत होती. वीज गेली की मोटर थांबे, म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी. उन्हाळा लागला आणि बियांनी उगवायलाच नकार दिला, म्हणून एसी.

त्या घरात तोवर कुणासाठीही एसी लागला नव्हता. काकू मे महिन्यात स्वयंपाकघरात घामाने भिजून भाकरी थापत आणि भिंतीपलीकडे लेट्यूस गारव्यात उभं. "मलेबी बसवा त्या एका भोकात," काकू म्हणाल्या. काकांनी ते ऐकलं नाही, कारण ते टाकीत पेन बुडवून आकडा वाचत होते. थंडीत तर उलटंच झालं. आदिलाबादची थंडी काय असते हे इथे राहणाऱ्यालाच माहीत. टाकीचं पाणी इतकं गार पडलं की काकांनी तिच्यात मासे पाळणाऱ्यांकडची गरम करायची नळी सोडली आणि टाकीला काकूंची नवी रजई गुंडाळली.

एकदाचे खर्च दर महिन्याला यायला लागल्यावर त्यांना दुसरी युक्ती सुचली. ऑफिसात जन्मभर ऐकलेला शब्द त्यांनी घरात आणला: मद. म्हणजे खर्चाचं खातं. पाण्याचं मशीन भाजीच्या मदीत नाही, कारण ते पाणी माणसंही पितात. इन्व्हर्टर घराच्या मदीत. एसी पाहुण्यांच्या मदीत. रजई तर काकूंचीच. मुलाने फोनवर हिशेब विचारला की काका शांतपणे सगळं ज्याच्या त्याच्या मदीत टाकत आणि शेवटी भाजीकडे फक्त बियांचं पाकीट उरे. "सांग आता," ते फोनमध्ये म्हणत, "एवढ्या पैशात बाजारात काय येतं?"

त्या खोलीच्या नियमांत मीही सापडले होते. एसी, मोटर, दिवे चालू असताना मी वर इस्त्री लावली की फ्यूज उडायचा. म्हणून मला इस्त्रीची वेळ ठरवून मिळाली, सकाळी दिवे लागायच्या आधी. एकदा मी काकूंना डबा द्यायला गेले आणि खोलीचं दार उघडं राहिलं. गरम हवा शिरली, पानं मलूल झाली. काका माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. म्हणजे बोलले, पण काकूंमार्फत. मी समोर उभी असताना ते काकूंना सांगत, "मॅडमना म्हणावं, पाण्याची टाकी भरली, नळ बंद करा."

वीजबिलवाला मुलगा तेलुगू होता. एका महिन्यात त्याने आकडा टिपला, मीटरला कान लावला आणि अदबीने विचारलं, "लोपल गिरनी पेट्टिंड्रा सार?" म्हणजे, आत गिरणी लावलीत का साहेब?

"कादु," काका म्हणाले. नाही. "कूरगायलु." भाजी आहे.

त्याने आणखी अदबीने विचारलं, "कूरगायलकु एसी आ सार?" भाजीला एसी?

काकांनी त्याला आत नेलं, एक पान दिलं आणि तो गिळेपर्यंत समोर उभे राहिले. पुढच्या महिन्यापासून तो बिल गेटमध्ये खोचून जायला लागला.

ह्या सगळ्यात आक्का आली. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे काकांना तिनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. तिचं सासर पैनगंगेच्या काठी, कापूस-ज्वारीचं घर. तिचा जन्म वावरात गेला होता, आणि गुडघाही तिथेच गेला. मुलांनी तिला नागपूरला नेऊन गुडघा बदलून आणला. डॉक्टर म्हणाले, काही दिवस गार आणि स्वच्छ जागेत ठेवा. गावचं घर पत्र्याचं, वर मे महिना. मुलांनी परतताना तिला आदिलाबादला भावाकडे उतरवलं.

काकांनी तोंड उघडायच्या आत काकूंनी ठरवून टाकलं, "आक्काची खाट मागच्या खोलीत."

"तिथं जागा नाही," काका म्हणाले.

"भाजी सरकवा."

भाजी सरकली. आक्काची खाट पाइपांच्या पायथ्याशी लागली. आक्का वाळकी, काळीसावळी, आवाजाने मोठी. तिने जांभळ्या उजेडात वर पाहिलं आणि विचारलं, "हे काय होय रे बाबू? दवाखानाच हाय का अजून?"

काकांनी तिला सगळं समजावलं. पाणी कसं फिरतं, खाऊ कसा मिळतो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग माती कुठं हाय?"

"माती नाही."

"मंग हे उभं कायच्या भरोशावर हाय?"

"स्पंजच्या," काका म्हणाले.

आक्काने डोळे मिटून घेतले.

शाळेला सुट्ट्या होत्या, मी संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसायची. एकदा काका टाकीत मापाने औषध ओतत होते. आक्का मला म्हणाली, "तू गनिताची न व? सांग बरं, हे एक पान कितीले पडते?"

काकांचा हात थांबला. मी म्हणाले, "आक्का, त्यात बरंच काय काय धरावं लागेल."

"धर न मंग. मले कुठं जा लागते?"

"म्हणजे लाइट, औषध, एसी..."

"एसी तुया गुडघ्यासाठी चालू आहे, आक्का," काका मागे न वळता म्हणाले. "तो ह्या मदीत येत नाही."

"मी परवा आली," आक्का म्हणाली. "त्याच्या आंदी हा एसी काय माही वाट पाहून राह्यला होता?"

मग तिने माझी वाट न पाहता आपल्या हिशेबाने भाव काढला. एका पानाला पायलीभर ज्वारी. त्यानंतर काकांनी तिच्या ताटात पान ठेवलं की ती ते उचलून उजेडात बघे, म्हणे, "चाल बापा, पायली," आणि खाऊन टाके. काकूंना हसू आवरायचं नाही. त्या पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात जात.

पण हसण्यासारखं सगळंच नव्हतं. डॉक्टरांनी आक्काला रोज वॉकर धरून चालायला सांगितलं होतं, आणि ती चालत नव्हती. सगळ्या गावाला दटावणारी बाई वॉकर समोर आला की लहान व्हायची. "उद्या," म्हणायची. उद्या म्हणायची, "आज लय ठणकून राह्यलं." व्यायाम शिकवणारा मुलगा येऊन गेला, तो जिन्यापाशी काकांना हळूच सांगून गेला की आता चालल्या नाहीत तर गुडघा असाच आखडेल, मग ऑपरेशनचा काही उपयोग नाही. काका त्या दिवशी टाकीपाशी गेलेच नाहीत. पडवीत बसून राहिले. मला म्हणाले, "मॅडम, तुमी पोरांना कसं उठवता हो बाकावरून?" मी म्हणाले, "ओरडून." ते म्हणाले, "तिच्यावर कोन ओरडनार?"

पुढच्या रविवारी काका एका लग्नाला गुडीहत्नूरला गेले. टाकीतल्या मोटरची गुरगुर आक्काला पहिल्या दिवसापासून खटकत होती. दुपारी झोप लागेना, तेव्हा तिने खाटेवरून हात लांबवून बटण बंद केलं. खोली शांत झाली. ती झोपली. पाइपांतलं पाणी हळूहळू टाकीत उतरून गेलं आणि मुळं कोरडी पडली.

काका परत आले तेव्हा मी आणि काकू चहा घेऊन आक्काला उठवायला निघालो होतो. काकांनीच दार उघडलं. एकूण एक पान ओल्या फडक्यासारखं खाली लोंबत होतं. तोवरचं सगळ्यात चांगलं पीक होतं ते. मी दार उघडं ठेवलं होतं तेव्हाचा आठवडा मला आठवला आणि मी चहाचा कप धरून तिथेच थबकले.

आक्का जागी झाली. तिने आधी पानं पाहिली, मग भावाला.

"काय झालं रे बाबू?"

काकांची नजर बटणावर गेली. बटण वर होतं, म्हणजे बंद. मलाही ते दिसलं, काकूंनाही.

"करंट गेला असंल," काका म्हणाले.

त्यांच्या डोक्यावर एसी चालू होता. आक्काने एकदा एसीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. काकांनी बटण दाबलं. पाइपांत पाणी परत खळखळायला लागलं. ते खाटेच्या कडेला बसले, माझ्या हातातला चहा घेतला आणि तिला दिला. "लग्नात जेवन काही खास नोतं," ते म्हणाले. "वरनात मीठच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तेव्हा मागच्या खोलीतून लोखंड फरशीवर टेकल्याचा आवाज येत होता. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत आक्का उभी होती. वॉकर बाजूला सारून तिने एका हाताने पाइपांची घोडी पकडली होती आणि दुसऱ्या हाताने मेलेली रोपं मुळासकट उपटून घमेल्यात टाकत होती. एक ओळ झाली की ती घोडीला धरून पाऊल सरकवायची, पुन्हा उपटायची. कपाळावर घाम होता, एसीतसुद्धा.

काका चूळ भरून आले आणि काकूंच्या मागे थांबले.

"पाहून काय राह्यला?" आक्का न वळता म्हणाली. "बी कुठं हाय, दे."

"आक्का, तू उभी आहेस."

"मंग झोपून लावू?"

त्या दिवसापासून तिला चाल म्हणून सांगावं लागलं नाही. सकाळ-संध्याकाळ ती घोडीभोवती फिरायची, पाइप धरून, भोकाभोकातून डोकावत. व्यायामवाला मुलगा आला तर त्याला म्हणाली, "थांब, एवढी ओळ होऊ दे." स्पंजमध्ये बी दाबायला काका चिमटा वापरत आणि श्वास रोखून धरत. आक्का दोन बोटांनी दाबायची आणि बोलत राहायची. तिचं लावलेलं काकांच्यापेक्षा काही चांगलं उगवलं असं नाही. निम्मं तिनेही पाण्यात पाडलं. पण काकांना पहिल्यांदाच त्या खोलीत कुणीतरी सोबतीला मिळालं होतं, आणि ते दोघं दिवसभर भांडायचे. लेट्यूस तिला मान्य नव्हतं. "हे चुरगळलेलं बंद कर. अंबाडी लाव." काका म्हणाले अंबाडी पाइपात लावत नाहीत. आठवड्याने अंबाडी लागली. ती इतकी जोमात वाढली की दिव्यांना जाऊन टेकली, आणि काकांना दिवे वर उचलायला वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागलं. तो खर्च त्यांनी कुठल्या मदीत टाकला ते मी विचारलं नाही. त्या अंबाडीची काकूंनी कण्या घालून भाजी केली. तेवढी एकच भाजी त्या खोलीतून आलेली मी मागून घेतली.

मृग लागला आणि आक्का गावी गेली, पेरणी चुकवायची नाही म्हणून. पण डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची मनाई केली होती. चालता येत होतं, वाकून बसता येत नव्हतं. घरातली सगळी सकाळी वावरात जायची आणि आक्का छपरीत खाटेवर. हे तिने सांगितलं नाही, तिच्या सुनेने काकूंना सांगितलं. आक्काचा फोन आला तेव्हा ती काकांना एवढंच म्हणाली, "माही अंबाडी कशी हाय?"

काकांनी दुसऱ्या दिवशी पाना घेतला आणि अर्धी घोडी सोडवली. पाइप, एक टाकी, एक मोटर, जुनी बॅटरी. मालवाहू रिक्षा ठरवली.

"एक दुकान चालत नोतं," काकू म्हणाल्या, "आता दोन." पण खाऊच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यात त्या एकेक करून गुंडाळल्या आणि रिक्षात स्वतः ठेवून आल्या. परत येऊन त्यांनी मागच्या खोलीतली रिकामी झालेली जागा झाडली आणि तिथे आपलं अंथरूण टाकलं. त्या रात्रीपासून काकू एसीत झोपायला लागल्या. भाजीकडे लक्ष राहतं, म्हणाल्या.

तिकडचं पाणीही आमच्यासारखंच जड. त्यामुळे काका दर आठवड्याला गाळलेल्या पाण्याचे कॅन घेऊन बसने बहिणीकडे निघत. एकदा मी बोथला जायला स्टँडवर उभी होते तेव्हा कंडक्टरने त्यांना अडवलेलं पाहिलं. कॅनमध्ये काय आहे, त्याने हिंदीत विचारलं. पानी, काका म्हणाले. गाव में पानी नहीं है क्या? है, काका म्हणाले, लेकिन वो अलग पानी है। कंडक्टरने झाकण उघडून वास घेतला आणि सामानाचं तिकीट फाडलं.

दिवाळीनंतर एकदा काकांनी मलाही नेलं. घराच्या समोरच वावर होतं, कापूस फुटलेला, बाया वेचायला वाकलेल्या. आक्का छपरीत पाइपांपुढे उभी होती, पदर कमरेला खोचून. अंबाडी, मेथी, आणि एका कोपऱ्यात, काकांच्या मानापुरतं, लेट्यूस. तिने माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली आणि लगेच कामाला लागली.

वेचणीतून पाणी प्यायला आलेली शेजारीण माठापाशी थांबून ते सगळं बघत होती. "काऊन व आक्का," ती म्हणाली, "दारात येवढं वावर, अन् हे पाइपात काऊन? लय पैसे लागत असतीन."

"लागतेत," आक्का म्हणाली. तिने मेथीची जुडी सोडवून शेजारणीच्या ओटीत टाकली. "पन वावर खाली जमिनीवर राह्यते, बाई. हे माह्यापरेंत वर आलं."

शेजारीण जुडी हुंगत वावराकडे गेली. काकांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. ते कॅनचं झाकण उघडून टाकीत पाणी ओतत होते, अगदी सावकाश, आणि आक्का त्यांना वरून सांगत होती, "हळू टाक, सांडशीन."